तारेला टोचलेली स्वप्नं

खोली भाड्यानं देताना घरमालक काय विचारतात? माणसं किती, पाणी किती लागतं, नवरा पितो का. लातूरच्या आमच्या घरमालकिणीनं विचारलं, "सपान पडतंय का?"

मी म्हटलं, "कुणाला?"

"दोघांला बी. ज्याला सपान पडत न्हाई, त्याला म्या ठिवत न्हाई."

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. तोवर आमचा सगळा कारभार उस्मानाबादला. आता इथं नवी कार्यालयं उघडत होती, पाट्यांवरचं जुनं नाव खोडून रंगारी नवं नाव काढत होते, आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळे खोल्या हुडकत फिरत होते. माझा नवरा अशाच एका कार्यालयात शिपाई म्हणून लागला होता. आम्ही जळकोटकडच्या खेड्यातले. शहरात ओळखीचं कुणी नाही. एक लेकरू कडेवर, एक हाताला धरलेलं. नवरा घाईनं म्हणाला, "हाव, पडतंय की. रोजच पडतंय."

साफ खोटं. हा माणूस पाठ टेकली की दगड. बैल जुंपून ओढला तरी जागा व्हायचा नाही. त्याला कसलं स्वप्न पडतंय?

"मंग रोज सकाळी सांगावं लागंल," ती म्हणाली आणि किल्ली दिली.

तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. आम्हीही तेच म्हणू लागलो. लिंगायत वाण्याची विधवा. उदगीरकडच्या एका खेड्यात नवऱ्याचं किराणा दुकान होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते बसलं, तेव्हा ही मंडळी लातूरला आली. इथं त्यानं पुन्हा दुकान मांडलं, हे घर बांधलं आणि काही वर्षांनी वारला. एकुलता मुलगा नांदेडला, विष्णुपुरीच्या धरणाचं काम चाललं होतं तिथं वायरमन. आक्का एकटीच राहायची. उंच, हाडकुळी, कपाळभर विभूती, आणि आवाज असा की हळू बोलली तरी पलीकडच्या घरात कळायचं.

सकाळी भेटलं की लोक चहा झाला का म्हणतात. आक्का म्हणायची, "काय पडलं?" दूधवाल्याला, पोस्टमनला, नळावर घागर लावून उभ्या असलेल्या बाईला, सगळ्यांना एकच प्रश्न. भाजीवाली हसायची. "आमाला कुठलं सपान आक्का? रातभर ढेकणं."

"चावली का दिसली? दिसली असली तर सांग."

माझ्या नवऱ्यानं पहिल्या आठवड्यात हत्ती सांगितला, मग कुणाचं तरी लग्न सांगितलं, मग साहेबाची जीप. तिथं त्याचा साठा संपला. मग जीपच यायला लागली. आक्का तांदूळ निवडत ऐकून घ्यायची. एक दिवस सूप खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या सपनात जीप रोजच येती. आन रोज पुसूनच येती. चिखल न्हाई, धूळ न्हाई, पंक्चर न्हाई. हे सपान न्हाई, ही नोकरी हाय तुमची. उद्यापासून सांगत जाऊ नका."

खोली गेली म्हणून नवरा पांढरा पडला. पण खोली गेली नाही. तोवर आक्काला माझी गरज पडली होती.

शेजारच्या खोलीत सरकारी दवाखान्यातली एक नर्सबाई राहायची. तिनंच आक्काला सांगितलं होतं की उठल्या उठल्या, कुणाशी बोलायच्या आधी स्वप्न लिहून काढलं की ते टिकतं, आणि असं रोज केलं की पुढची स्वप्नं जास्त आठवायला लागतात. आक्काला अक्षर येत नव्हतं. आकडे येत, मापं येत, बाकी काही नाही. म्हणून नर्सबाई तिचं स्वप्न लिहून द्यायची. तिची नांदेडला बदली झाली. भाडेकरू पुरुषांना लिहिता येत होतं, पण बाई अंथरुणात पडलेली असताना परक्या पुरुषाला आत कसं घ्यायचं? मी चौथी शिकलेली. काम माझ्याकडं आलं. आक्का मला मास्तरीण म्हणू लागली, आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

नळ आला की पाणी भरून मी तिच्या खोलीत जायची. आक्का भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून पडलेली असायची. तिचे नियम कडक होते. जाग आली की हलायचं नाही. कूस बदलायची नाही. आज काय करायचंय ते मनात आणायचं नाही. शेवटचं जे दिसलं ते आधी धरायचं आणि तिथून मागं मागं जायचं. मलाही आत गेल्यावर बोलायची बंदी. बसायचं, पेन्सिल धरायची आणि ती बोलेपर्यंत गप्प राहायचं.

"सपान पालीसारखं असतंय," ती म्हणायची. "घाई केली की नुसतं शेपूट हातात राहतंय. पाल जाती."

लिहायला वही नव्हती. मी पहिल्या दिवशी मुलाची वही घेऊन गेले तर म्हणाली, "वहीत उधारी लिवतेत. वहीत लिवलं की मागून वसूल करावं लागतंय. न्या ती." भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. कालचं पान फाडायचं, त्याच्या पाठीवर लिहायचं. आक्काच्या नवऱ्याच्या दुकानात चिठ्ठ्या अडकवायची एक वाकडी तार होती, ती तिनं उशाच्या खिळ्याला टांगली होती. त्या तारेला पान टोचायचं. पान तळहाताएवढं. त्यात नटवायला जागाच नाही.

तरी मी एकदा नटवलंच. ती म्हणाली होती, पाणी दिसलं. लई पाणी. मी लिहिलं, आक्काला मोठा तलाव दिसला. ती रोज माझ्याकडून परत वाचून घ्यायची. तलाव ऐकल्यावर तिनं डोळे उघडले.

"तलाव कुनी आनला?"

"एवढं पाणी म्हणजे तलावच की आक्का."

"तुला दिसला का?"

"नाही."

"मंग खोड. तुझी शाळा भाईर काढून ठिवत जा चपलेसंगं. म्या म्हनलं तेवढंच लिव."

गल्लीतल्या बायकांना आक्काच्या नादाचं एकच कळायचं, अर्थ. साप दिसला तर काय, दात पडला तर काय, हे विचारायला त्या यायच्या. आक्का त्यांना दारात उभं करायची नाही. "अर्थ लावला की सपान दडून बसतंय. म्या काय जोशीन हाय का?" मग तिला स्वप्नं हवीत कशाला, हे कुणालाच कळत नव्हतं. मलाही नाही. मी विचारलंही नाही. मला खोली टिकवायची होती.

लिंगायतांत सकाळी अंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाहीत. आक्का पूजा करायची, पण स्वप्न सांगून झाल्यावर. एकदा त्यांचे गुरू, जंगमस्वामी, भल्या सकाळी आले. आक्का अजून भिंतीकडं तोंड करून पडलेली आणि मी लिहितेय. ते दारातच थांबले. आक्का उठल्यावर रागानं म्हणाले, "आक्का, आदी देव का आदी सपान?"

आक्कानं गळ्यातली लिंगाची चांदीची डबी चाचपली. "देव कुटं जातोय स्वामी? गळ्यात बांधून ठिवलाय. सपान पळतंय."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

लिहीत गेले तसं मला दिसायला लागलं की पानांवर एक पोर वारंवार येते. कधी ज्वारीच्या पोत्याआड बसलेली, कधी पुढं चालणारी, कधी खाटेखाली. आक्का दर वेळी सांगायची, पाठीवर वेणी, पायात वाळा, तोंड न्हाई. मी लिहायची, तोंड नाही. ती म्हणायची, "न्हाई म्हनलं म्या, नाही न्हवं." मग मी न्हाई लिहायची. एके दिवशी आम्ही दोघी अंगणात लसूण सोलत होतो. मला फिरवून बोलता येत नाही. मी विचारलं, "ही पोर कोण?"

"माझी."

तिनं सगळं लसूण सोलता सोलता सांगितलं. पोर चार वर्षांची होती. दुष्काळात विहिरी आटल्या, जे पाणी मिळत होतं ते गढूळ. वांती आणि हगवण लागली. बैलगाडीत घालून उदगीरच्या दवाखान्याला निघाले.

"फोटो नाही का एखादा?"

"फोटो काढाया उदगीरला जावं लागत व्हतं. आमी उदगीरला पोचलाव तवा ती मेली व्हती."

मुलगा तिच्याहून बराच मोठा, तो तेव्हा धर्माबादला मामाकडं शिकायला होता. त्यानं बहीण रांगताना पाहिलेली, तेवढीच. आक्काच्या नवऱ्याला आठवत होतं.

"मालक व्हते तवर मी इचारायची. नाक कसं व्हतं, डोळे कसे व्हते. ते सांगायचे. आता मला त्येनी सांगितलेलं नाक आठवतंय. तिचं न्हाई आठवत." तिनं पाकळी फुंकून टोपलीत टाकली. "आवाज हाय. वाळा हाय. तोंड पुसून गेलंय, पाटी पुसल्यासारखं. आईला लेकराचं तोंड आठवंना, असं कुटं असतंय का? सपनात येती ती तिकडं बगत येती. एकाद्या दिशी वळंल. तवा ते माझ्या ध्यानात राहिलं पायजे. त्याच्यासाठी चाललंय हे सारं."

मी त्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडलेली आहे. तिथं खायला वाटायच्या सुकडीसाठी रांगेत उभी राहिले आहे. लेकरं तेव्हा पुष्कळ गेली, आमच्याही भावकीत गेली. म्हणून मी डोळ्याला पदर लावला नाही. तिलाही तो नको होता. फक्त दुसऱ्या दिवसापासून मी जरा लवकर जायला लागले. नळाचं पाणी नंतर भरलं तरी चालायचं.

दोन उन्हाळे गेले. तार भरली की ती जुनी पानं काढून पिशवीत ठेवायची आणि नवी टोचायला जागा करायची. स्वप्नं खरंच वाढली होती. सुरुवातीला एक ओळ व्हायची, आता पान पुरायचं नाही. ओसरीवरचं दगडी उखळ, दुकानातल्या गुळाचा वास, शेजारणीच्या लुगड्याचा काठ, असं सगळं तिला परत मिळत होतं. पोरीचं तोंड सोडून.

मग एका सकाळी मी जाऊन बसले. पेन्सिल धरली. आक्का म्हणाली, "लिव. वळली."

"तोंड?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दिसलं."

मला खरंच आनंद झाला. मी म्हटलं, "बरं झालं आक्का. झालं तुमच्या मनासारखं."

"रडायली ती," आक्का म्हणाली. डोळे मिटलेलेच. "ओठ फाटलेत. डोळ्यात पाणी न्हाई, तरी रडायली. गालावर बोटं उठलीत. लिव, बोटं."

मी लिहिलं.

"माझी बोटं हायत ती."

मग तिनं त्या दुष्काळातलं सांगितलं. विहिरीच्या तळातून वाटीवाटीनं भरलेली घागर होती. आक्कानं पहाटेपासून तिथं बसून ती भरून आणली होती. पोरीला तहान लागली, तिनं घागर वाकवली, घागर कलंडली. आक्कानं तिच्या मुस्काटात मारली. त्यानंतर घरात चांगलं पाणी नव्हतं. खड्ड्यातलं गाळून पाजलं. दुसऱ्या दिवशी वांती सुरू झाली. हे मारणं आक्का पार विसरली होती. नवऱ्याला माहीत नव्हतं, त्यामुळं आठवण करून देणारंही कुणी नव्हतं. रोज मागं मागं जात ती नेमकी तिथं जाऊन पोचली.

मी पान तारेला टोचलं आणि चहा टाकायला गेले.

ते स्वप्न मग रोज पडू लागलं. दुसरं काही पडेनाच. आक्काचं जेवण सुटलं. लिंगपूजेला बसायची आणि तशीच बसून राहायची. भाजीवालीला काय पडलं म्हणून विचारायचं बंद झालं. भाजीवालीच मला म्हणाली, "आक्काला काय झालंय बाई? कसंनुसं वाटायलंय, कुनी इचारत न्हाई तर."

वाईट स्वप्नाचं आमच्याकडं एक ठरलेलं आहे. ते माणसाला सांगायचं नाही. गाईच्या कानात सांगायचं आणि मागं न बघता घरी यायचं. गाय ते घेऊन जाते, मग ते परत पडत नाही. मी लहानपणी केलंय. सगळेच करतात. आणि आक्कानं नेमकं उलटं केलं होतं, ते लिहून उशाला टांगून ठेवलं होतं. मी तिला म्हटलं, पलीकडं गवळ्याचा गोठा आहे, जाऊन सांगून या. तिनं ऐकलं नाही. माझा नवरा सरकारी कामानं नांदेडला चालला होता, त्याच्याकडून मी आक्काच्या मुलाला निरोप पाठवला.

मुलगा लगेच आला. थोराड, तिशीतच केस पांढरे व्हायला लागलेला माणूस. उदगीरकडच्या लिंगायत घरांत आईला अव्वा म्हणतात, तसा तोही म्हणायचा. आईचे आणखी वाळलेले खांदे बघून तो दारातच बसला.

"अव्वा, काय करायलीस तू हे? जिवावर उठलीस का स्वतःच्या?"

"तुझी भन दिसायली मला."

"ती मेली अव्वा. किती वर्सं झाली. खामखा तिला बी तरास, तुला बी तरास. उद्या सकाळी गाईला सांग आन मोकळी व्हय."

आक्कानं विचारलं, "सांगितलं की जातंय ना?"

"जातंय."

"सगळं जातंय का रडनं तेवढं?"

मुलानं माझ्याकडं पाहिलं. मला खोटं बोलायला जमत नाही. मी म्हटलं, "सगळंच जातं आक्का. तोंडसुद्धा."

मुलगा रडायला लागला. एवढा बाप्या माणूस आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून म्हणाला, "मला एकच आई हाय. माझ्यासाठी जा." तेव्हा ती म्हणाली, "उठ. जाते."

सकाळी तिनं अंघोळ केली, पूजा केली, धुतलेलं लुगडं नेसली. आम्ही तिघं गोठ्यावर गेलो. गवळ्यानं तांबडी गाय धरली. मी आणि मुलगा दाराशी थांबलो, कारण जवळ जाऊन ऐकायचं नसतं. आक्कानं गाईच्या मानेवर हात ठेवला, कानाशी तोंड नेलं. थोडंच बोलली. मग वळली आणि मागं न बघता आमच्या पुढून सरळ घरी निघून आली. आल्यावर भाकरी मागितली आणि पोटभर खाल्ली. मुलाच्या जिवात जीव आला. दुपारच्या गाडीनं तो नांदेडला परत गेला. जाताना मला म्हणाला, "ताई, तुमचे उपकार झाले."

दुसऱ्या दिवशी मी निवांत उठले. लिहायचं काम संपलं, असंच मी धरून चालले होते. पाणी भरलं, लेकरांची वेणीफणी केली. तोच आतून हाक आली, "मास्तरीन!"

गेले तर आक्का भिंतीकडं तोंड करून पडलेली.

"बस. लिव. रडायली."

मी चपापले. "आक्का, काल गाईला सांगितलं ना तुम्ही?"

"कुटं सांगितलं?"

"मग कानात काय बोललात?"

"पानी पिलीस का, म्हनून गाईला इचारलं."

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. आम्हाला सरकारी खोली मिळेपर्यंत मी तिच्या शेजारीच होते. पुढं लिहायचं तिनं बंद केलं, कारण रोज तेच होतं आणि विसरायची भीती उरली नव्हती. रडणारी पोर बघायची, उठायची, तोंड धुवायची, पूजा करायची, चूल पेटवायची. जेवायला लागली. भाजीवालीला पुन्हा काय पडलं म्हणून विचारायला लागली. मुलाला तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो आला की म्हणायची, "बरी झोप लागती आता."

मी तिच्या जागी असते तर पहिल्याच सकाळी गाईला सांगून मोकळी झाले असते. पण माझी लेकरं सगळी जिवंत आहेत.